भाजल्याचा जुना डाग, न भरणारी जखम आणि कातडीचा कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपीडीत पेशंट आधी खाजेबद्दल विचारतो, गोळ्या लिहून घेतो, आणि उठून दारापर्यंत गेला की मागं वळून खरा प्रश्न विचारतो. खालचे बहुतेक प्रश्न असे दारातले आहेत. हिंगोलीपासून धाराशिवपर्यंत ते थोड्याफार फरकानं सारखेच ऐकू येतात. उत्तरं एकाच प्रकारच्या कॅन्सरबद्दल आहेत, स्क्वॅमस सेल कार्सिनोमाबद्दल, आणि त्याच्या आधीच्या पायऱ्यांबद्दल.

कातडीचा कॅन्सर गोऱ्या लोकांना होतो म्हणतात. आपल्याकडं कुठून आला?

ऐकलंय ते निम्मं खरं आहे. आपल्या कातडीतलं मेलॅनिन म्हणजे जन्मजात छत्री. सूर्याच्या अतिनील किरणांमधला बराच भाग ते वरच्या वर अडवतं. ऑस्ट्रेलियात गोऱ्या शेतकऱ्याला उन्हानं जे होतं, ते परभणीच्या शेतकऱ्याला सहसा होत नाही. भारतात सगळ्या कॅन्सरमध्ये कातडीच्या कॅन्सरचा वाटा अगदी थोडा आहे, हेही खरं.

पण उन्हाचं दार बंद असलं तरी मागचं दार उघडं आहे, आणि ते दार म्हणजे जखम. सावळ्या कातडीत हा कॅन्सर पुष्कळदा झाकलेल्या जागी सापडतो. पोटरीवरच्या भाजल्याच्या डागावर, घोट्याजवळच्या वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमेत, कमरेच्या घट्ट नाड्याखाली. तिथं कॅन्सर असेल असं घरच्यांच्या मनात येत नाही. खरं सांगायचं तर आम्हा डॉक्टरांच्याही पटकन मनात येत नाही. ड्रेसिंग बदलत राहतं, मलम बदलत राहतं, आणि वर्ष निघून जातं.

हा नेमका कोणता कॅन्सर? किती वाईट?

कातडीच्या कॅन्सरचे मुख्य प्रकार तीन. बेसल सेल, स्क्वॅमस सेल आणि मेलॅनोमा. मेलॅनोमा सगळ्यात घातकी, पण आपल्याकडं विरळा. तो झालाच तर तळपायाला किंवा नखाखाली बघायचा. बेसल सेल आहे तिथंच पोखरत बसतो, लांब जवळजवळ जातच नाही. स्क्वॅमस सेल मधला. कातडीच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींपासून तो निघतो. जगात कातडीच्या कॅन्सरमध्ये त्याचा नंबर बेसल सेलनंतरचा.

उन्हानं झालेला साधा स्क्वॅमस सेल कॅन्सर शंभरातल्या २ ते ५ जणांत जांघ-काख-मानेतल्या गाठींपर्यंत किंवा पुढं पसरतो. म्हणजे वेळेत कापून काढला की बहुतेक लोक बरे होतात. जुन्या डागावर किंवा जखमेत उगवलेला मात्र जास्त आडदांड असतो, त्याचं पसरण्याचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. आपल्याकडं हा दुसरा प्रकारच जास्त महत्त्वाचा, म्हणून पुढं त्याच्यावरच जास्त लिहिलंय.

आईच्या गुडघ्यामागं तीस वर्षांपूर्वी भाजल्याचा डाग आहे. मधूनमधून फुटतो आणि परत भरतो. आता चार महिने झाले, भरतच नाही. कॅन्सर असेल का?

असू शकतो, म्हणून तुकडा तपासलाच पाहिजे. या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलो, असं समजा.

आपल्या भागातल्या साठी ओलांडलेल्या बायकांच्या अंगावरचे डाग बघा. कुणाचा चुलीवरचा, कुणाचा घासलेटच्या स्टोचा, कुणी लहानपणी बंबातल्या उकळत्या पाण्याजवळ गेलेली, कुणाचा पाय गुऱ्हाळाच्या काहिलीपाशी भाजलेला. त्या काळात खोल भाजलं तरी कातडी लावायचं ऑपरेशन, म्हणजे ग्राफ्टिंग, कुणाच्या वाट्याला यायचं नाही. जखम महिनोन्महिने आपोआप भरू दिली जायची. अशी भरलेली कातडी पातळ, ताणलेली, चकचकीत असते. तिच्यात रक्तपुरवठा कमी आणि घामाच्या ग्रंथी जवळपास नाहीत. गुडघ्यामागं, कोपरात, घोट्याजवळ हा डाग आला की प्रत्येक उठबशीला तो ताणतो आणि चिरतो. चिरतो, भरतो, परत चिरतो. भरण्यासाठी पेशींना पुन्हापुन्हा विभागावं लागतं, आणि विभागताना कधीतरी चूक होते. डागाच्या आत शरीराची पहारा करणारी यंत्रणाही नीट पोचत नाही, त्यामुळं चुकलेली पेशी पकडली जात नाही.

भाजल्यापासून कॅन्सरपर्यंतचा काळ सरासरी तीसेक वर्षांचा असतो. लहानपणी भाजलेल्या बाईला म्हणूनच चाळिशी-पन्नाशीत हा त्रास सुरू होतो आणि तोपर्यंत भाजल्याची गोष्ट घरात सगळे विसरलेले असतात. सगळ्याच डागांचं असं होत नाही, हेही सांगतो. भाजल्याच्या डागांपैकी शेकडा एक-दोन डागांवर हा प्रकार होतो असं पुस्तकं सांगतात. घाबरून रात्रभर जागायची गरज नाही, पण चार महिने न भरलेली जखम पाचव्या महिन्यात नेऊ नका.

याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. जाँ निकोलस मार्जोलिन या फ्रेंच सर्जननं १८२८ मध्ये डागांवरच्या अशा जखमांचं वर्णन केलं. गंमत अशी की त्या जखमा कॅन्सर असतात हे खुद्द मार्जोलिनच्या ध्यानात आलं नव्हतं. नाव मात्र त्याचंच चिकटलं.

भाजल्याच्या डागाशिवाय आणखी कुठं होतो? हाडात पू होऊन वर्षानुवर्षं वाहणाऱ्या भोकात, कुष्ठरोगातून बरे झालेल्यांच्या तळपायाच्या बधिर जखमेत, फुगलेल्या निळ्या नसांमुळं घोट्याजवळ झालेल्या जखमेत, आणि फार दिवस उपचार न मिळालेल्या कातडीच्या टीबीत. शुगरवाल्यांच्या पायाची जखम बहुतेक वेळा शुगरचीच असते. तरी नीट ड्रेसिंग, शुगर ताब्यात आणि पायावर भार न देऊनही ती हलत नसेल, तर तिचाही तुकडा बघावा.

दुखतच नाही तं दाखवायचं कशाला?

दुखत नाही म्हणूनच दाखवायचं. गळू ठणकतं, काटा सलतो, माणूस धावत येतो. हा सुरुवातीला दुखत नाही. दुखायला लागतो तेव्हा बऱ्याचदा खाली नसेपर्यंत किंवा हाडापर्यंत गेलेला असतो.

मग बदलला हे ओळखायचं कसं?

कडा बघा. भरत आलेल्या जखमेची कड मऊ, उतरती आणि फिकट असते. कॅन्सरकडं वळलेल्या जखमेची कड वर उचललेली आणि टणक लागते, फुलकोबीसारखी फुगून बाहेर वळल्यासारखी दिसते. बोटांत धरली तर घट्ट लागते. आत लालभडक खडबडीत मांस वाढतं, पट्टी काढताना सहज रक्त येतं, आणि वास बदलतो. वासाबद्दल डॉक्टरपेक्षा घरची सून आधी सांगते, हा माझा अनुभव आहे. पट्टी तीच धुते ना.

अजून एक खूण. पायाच्या जखमेसोबत जांघेत अवधाण, म्हणजे गाठ, आलं आणि ते दोन-तीन आठवड्यांत उतरलं नाही, टणक राहिलं, तर ते जंतूंचंच असेल असं धरून चालू नका. हाताची जखम असेल तर काखेत आणि चेहऱ्याची असेल तर मानेत बोटं फिरवून बघा.

किती दिवस वाट बघायची?

नवी जखम असेल तर नीट उपचार करूनही सहा आठवडे. जुन्या डागावर असेल तर तेवढेही नको.

कॅन्सरच्या आधीची पायरी म्हणजे काय? चामखीळ, कुरूप, गजकर्ण यांपासून होतो का?

साध्या चामखिळीपासून नाही. तळपायाच्या कुरुपापासून नाही. गजकर्ण ही बुरशी आहे, तिच्यापासूनही नाही. घोटाळा उलट बाजूनं होतो. आधीची पायरी यांच्यासारखीच दिसते, म्हणून लोक तिला चामखीळ किंवा गजकर्ण समजून मेडिकलमधून ट्यूब आणतात.

बोवेनचा आजार घ्या. बोस्टनच्या जॉन बोवेन यांनी १९१२ मध्ये तो लिहून ठेवला. यात कॅन्सरच्या पेशी तयार झालेल्या असतात, पण कातडीच्या वरच्या थरातच कोंडलेल्या. खाली उतरलेल्या नसतात. दिसायला एकच चट्टा, कड स्पष्ट, वर थोडी खपली, रंग लालसर किंवा आपल्या कातडीत तपकिरी-काळपट. इंचाइंचानं नाही, अगदी सावकाश वाढतो. गजकर्ण म्हणून ट्यूब लावतात, इसब म्हणून स्टेरॉइडचं मलम लावतात, खाज थोडी कमी होते आणि समाधान वाटतं. गजकर्ण मधून साफ होत जातं, अंगावर दोन-चार ठिकाणी उठतं, घरात दुसऱ्याला होतं. एकुलता एक चट्टा वर्षभर तसाच बसून असेल आणि कुठल्याच मलमाला दाद देत नसेल, तर तो वेगळा आहे. उपचार केले नाहीत तर बोवेनच्या शंभरातल्या ३ ते ५ जणांत पुढं खोल कॅन्सर होतो. म्हणजे बहुतेकांत होत नाही, पण कोणाचं होईल हे चट्ट्याकडं बघून सांगता येत नाही.

उन्हानं येणारी आधीची पायरी म्हणजे ॲक्टिनिक केरॅटोसिस. टक्कल, कान, नाक, हाताची मागची बाजू इथं सँडपेपरसारखी खरखरीत ठिपकी. डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. गोऱ्या लोकांत हे फार, आपल्यात कमी. यातलीही बरीच ठिपकी आपोआप जातात आणि थोडीच पुढं जातात.

कधी चेहऱ्यावर किंवा हातावर नखासारखं टोकदार शिंग उगवतं. लोक त्याला दोरा बांधून पाडतात. शिंग पडतं, पण खरी भानगड त्याच्या बुडाशी असते. बहुतेक शिंगांच्या बुडाशी काही नसतं, काहींच्या बुडाशी कॅन्सर असतो. ते बुडासकट काढून तपासायला पाठवावं, दोरा बांधू नये.

नाड्यामुळं कॅन्सर होतो असं व्हॉट्सॲपवर आलंय. खरं का?

मेसेज अर्धवट असतो, पण मुळात खोटा नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये काम केलेले वसंत रामजी खानोलकर, भारतातल्या पॅथॉलॉजीचे आद्य पुरुष, आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच पेहरावाच्या सवयीतून कमरेला होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहिलं होतं. त्याला धोतर कॅन्सर असं नाव पडलं. पुढं साडीवरूनही नाव पडलं. काश्मिरात अंगरख्याखाली शेगडी धरून पोट-मांड्या भाजतात, त्यातून होणारा कांगरी कॅन्सरही याच कुळातला. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्कर बायकांची अशी उदाहरणं छापली. त्यातली एक लुगडं नेसणारी होती, म्हणजे परकराचा नाडा नाही, कमरेला आवळलेली गाठच.

दोष नेसण्याचा नाही. चाळीस वर्षं त्याच रेषेवर आवळलेली दोरी, त्यावर घाम, मातीची धूळ आणि उन्हाळ्याची काहिली. तिथली कातडी आधी काळी पडते, मग जाड होते, सोलते, चिरते. बहुतेक बायकांचं इथंच थांबतं. फार थोड्या जणींचं पुढं जातं. आजीला लुगडं सोडायला सांगून काही होणार नाही, सांगूही नका. नाडीच्या जागी रुंद पट्टी लावता येते, गाठ रोज बोटभर खालीवर घेता येते, रात्री सैल सोडता येते. कमरेच्या त्या रेषेवर चीर पडून ती भरत नसेल तर दाखवा. कंबर दाखवायला बायका लाजतात, म्हणून लेकीनं किंवा सुनेनं आंघोळीच्या वेळी बघितलेलं बरं.

आम्ही दिवसभर उन्हात राबतो. क्रीम लावायची का?

सावळी कातडी असलेल्या तंदुरुस्त शेतकऱ्यानं या एका कॅन्सरसाठी महागड्या सनस्क्रीनवर पैसे घालवायची मला गरज वाटत नाही. दुकानदाराला हे आवडणार नाही. कापूस वेचताना बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्याला रुमाल गुंडाळतात, ते उत्तम संरक्षण आहे. गांधी टोपीनं टक्कल झाकतं, कान आणि नाक नाही. उपरणं कानावरून घ्यावं.

काहींना मात्र ऊन खरंच शत्रू आहे. जन्मतःच कातडी आणि केस पांढरे असलेली मुलं, म्हणजे अल्बिनिझमची. त्यांना कॅन्सर तरुणपणीच होऊ शकतो. त्यांनी लहानपणापासून सनस्क्रीन, टोपी, पूर्ण बाह्या आणि वर्षातून दोनदा तपासणी पाळलीच पाहिजे. शाळेनं अशा मुलाला दुपारच्या कवायतीतून सूट द्यावी, हे मास्तरांना सांगायला संकोच करू नका. किडनी बदललेले लोकही यात येतात, कारण त्यांच्या औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेली असते. आणि हो, कोड म्हणजे अल्बिनिझम नव्हे. कोड असलेल्यांनी या भीतीनं झोप घालवू नये.

बिब्बा, हळद, झाडपाला, जळकं ऑइल… यानं जखम बिघडते का?

हळदीवर माझा राग नाही. बिब्ब्यावर आहे. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. बिब्बा उतलेले पाय मी दर उन्हाळ्यात बघतो. एका जखमेवर दुसरी जखम करून पहिली बरी होत नाही, वर खालचा कॅन्सर असेल तर त्याचं रूपच झाकलं जातं.

इंजिनाचं जळकं ऑइल बैलाच्या खांद्याला लावतात आणि उरलेलं स्वतःच्या भेगांना. ते नका लावू. कातडीचा कॅन्सर आणि काजळीचं नातं जगाला आधी कळलं ते १७७५ मध्ये, लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्या पोरांमुळं. पर्सिव्हल पॉट या सर्जननं ते दाखवून दिलं. जळकं ऑइल, डांबर, काजळी ही एकाच घरातली भावंडं आहेत. रस्त्याच्या कामावर डांबर हाताळणाऱ्यांनी आणि गॅरेजमधल्या पोरांनी हात साबणानं धुवावेत, रॉकेलनं नाही, आणि ऑइलात भिजलेला कपडा अंगावर वागवू नये.

राहिली वैदूंची पुडी. हरताळ, मनशीळ, सोमल यांत आर्सेनिक असतं. पोथीत चुकलेल्या ओळीवर हरताळ फासायचे, तोच हा हरताळ. नीट न शोधलेली, वजन-माप नसलेली अशी पुडी वर्षानुवर्षं पोटात गेली तर पुढं तळहात-तळपायांवर कुरुपासारखे बारीक टणक दाणे उठतात, पाठीवर-छातीवर पावसाच्या थेंबांसारखे फिके ठिपके पडतात, आणि बऱ्याच वर्षांनी बोवेन किंवा कॅन्सर होतो. दम्याला, सोरायसिसला, मूळव्याधीला कोण कोणती पुडी देतो ते डॉक्टरला लपवू नका. आम्ही रागावतो, पण ती माहिती लागते.

तुकडा काढला की कॅन्सर सगळीकडं पसरतो ना? लोखंड लागलं की चवताळतो म्हणतात.

नाही. ही एक समजूत जितक्या लोकांना उशिरा आणते, तितकं दुसरं काही आणत नाही. ज्याचं बघून लोक हे सांगतात, तो माणूस आधीच उशिरा आलेला असतो. तुकडा काढला तेव्हा कॅन्सर पसरलेलाच होता, नंतर महिन्यात दिसला, आणि खापर सुरीवर फुटलं.

तुकडा काढायला जागा बधिर करणारं इंजेक्शन देतात, पाच-दहा मिनिटं लागतात, एखाद-दुसरा टाका. जखम मोठी असेल तर दोन-तीन ठिकाणचे तुकडे घ्यावेत आणि ते कडेचे असावेत, कारण मधे नुसता सडका भाग येतो आणि रिपोर्ट कोरा येतो. डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, “कडेचा घेतला ना?” पहिला रिपोर्ट साफ आला आणि जखम मात्र तशीच वाढत राहिली, तर दुसऱ्यांदा तुकडा मागा. हे उद्धटपणाचं नाही.

तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत घालून तुमच्याच हातात देऊन लॅबला पाठवतात असं बऱ्याच ठिकाणी चालतं. बाटलीवर नाव लिहिलंय का बघा. बाटली उन्हात मोटारसायकलच्या डिकीत विसरू नका, आणि त्यात पाणी किंवा सलाइन घालू नका.

रिपोर्टमधले शब्द कळत नाहीत.

‘इन सीटू’ लिहिलं असेल तर कॅन्सर वरच्या थरातच आहे, सुदैवी आहात. ‘वेल डिफरन्शिएटेड’ म्हणजे पेशी अजून मूळ कातडीसारख्या दिसतात, चाल सावकाश. ‘पुअरली’ म्हणजे पेशी ओळख विसरलेल्या, चाल वेगाची. ‘मॉडरेटली’ मधलं. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये ‘मार्जिन फ्री’ शोधा, म्हणजे कापलेल्या कडा साफ आहेत. ‘पेरिन्यूरल’ आलं तर संवेदना नेणाऱ्या नसेच्या कडेनं पेशी सरकल्यात, पुढं विजेचे शेक, म्हणजे रेडिओथेरपी, लागू शकतात. कॅन्सरची गाठ २ सेंटिमीटरपेक्षा मोठी, ६ मिलिमीटरपेक्षा खोल, किंवा ओठ-कानावरची असेल तर डॉक्टर जास्त सावध राहतात.

उपचार काय? पाय कापावा लागतो का?

बहुतेकांना नाही लागत.

आधीच्या पायरीवर सापडलं तर काम सोपं आहे. उणे १९६ अंश थंड द्रव नायट्रोजननं गोठवणं, विजेच्या सुईनं जाळून खरवडणं, किंवा ५-फ्लोरोयुरॅसिल नाहीतर इमिक्विमोडचं मलम काही आठवडे लावणं. मलमानं जागा लालभडक होते, सोलते, खपल्या धरते. तेव्हा लोक घाबरून मलम बंद करतात. ती जागा तशी व्हायलाच पाहिजे असते, औषध काम करतंय. मात्र हे मलम स्वतःच्या मनानं, चट्टा तपासल्याशिवाय लावू नका.

कॅन्सर ठरला तर ऑपरेशन. गाठीभोवतीची ४ ते ६ मिलिमीटर चांगली कातडीही कापून काढतात, धोका जास्त असेल तर त्याहून जास्त. डागावरच्या कॅन्सरला बहुधा जास्तच रुंद घ्यावं लागतं आणि वर मांडीची पातळ कातडी लावावी लागते. जांघ-काख-मानेतल्या गाठींना लागला असेल तर त्या काढतात. विजेचे शेक ऑपरेशन शक्य नसेल तेव्हा किंवा नंतर जोड म्हणून. फार पुढं गेलेल्यांसाठी सेमिप्लिमॅबसारखी प्रतिकारशक्ती जागी करणारी इंजेक्शनं आहेत, पण ती फार महाग पडतात.

पाय कापावा लागतो तो हाड किंवा सांधा खाल्ला गेल्यावर. मागं एक गृहस्थ म्हणाले, “पाय तर जाणारच हाय, मग जाऊन काय करू?” त्यांची जखम रुपयाच्या नाण्याएवढी होती. पाय जाणार नव्हता, भीतीनं घरी बसल्यामुळं मात्र जाऊ शकला असता.

हा लागतो का? ताट-वाटी वेगळी ठेवायची का?

नाही. ठेवू नका. जखमेला वास येतो म्हणून ओसरीत खाट टाकलेली माणसं बघितलीत. वासावर इलाज आहे, मेट्रोनिडॅझोलची पूड किंवा जेल डॉक्टर लिहून देतात. माणसाला घरात घ्या.

कुठं जायचं? खर्च किती?

तुकडा तपासायला मुंबईला जायची गरज नाही. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या सर्जरी नाहीतर त्वचारोग विभागात होतो. नांदेड, लातूर, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगर इथं कॉलेजं जुनी आहेत. कॅन्सर निघाला तर संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, तिथं शेकही मिळतात. धाराशिवकडच्यांना बार्शी जवळ पडते. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलनं १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंदवही ठेवलीय, आणि तिच्यात आपले भूम-परांडाही येतात. देशात खेड्यातल्या कॅन्सरची अशी नोंद पहिल्यांदा तिथं सुरू झाली, हे आपल्याकडं फारसं कुणाला ठाऊक नाही.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कॅन्सरचं ऑपरेशन, शेक, केमो त्यात बसतात. रेशन कार्ड, आधार आणि तुकड्याचा रिपोर्ट घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. नावातलं स्पेलिंग दोन्ही कागदांवर जुळतंय का ते घरूनच बघून निघा. निम्मे हेलपाटे त्यापायी होतात.

आम्ही ऊसतोडीला जातो. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की दाखवू का?

नका थांबू. दसऱ्यानंतर बैलगाडी किंवा ट्रॅक्टर निघतो आणि पाडव्याच्या आसपास परत येतो. कोयत्याची जखम, पाचटानं चिरलेला जुना डाग, सहा महिने चिखलात, राखेत आणि पॉलिथिनच्या पट्टीत राहतो. उचल घेतलेली असते, खाडा परवडत नाही, हे मला कळतं. म्हणून जायच्या आधी दाखवा. गणपती ते दसरा हा महिना तुमचा आहे. जखम बिघडायला लागली तर कारखान्याच्या गावातल्या ग्रामीण रुग्णालयात तुकडा काढून घ्या, योजना राज्यभर चालते. आणि रिपोर्ट हरवू नका, त्याचा मोबाइलवर फोटो काढून मुकादमाच्या नाही, घरच्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा.

ऑपरेशन झालं, जखम भरली. आता सुटलो ना?

जवळजवळ. परत यायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत येतो. म्हणून दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि नंतर पाच वर्षांपर्यंत वर्षातून एक-दोनदा दाखवायचं. दरवेळी डॉक्टरांनी डाग दाबून बघायला हवा आणि जांघ-काख-मान चाचपायला हवी. नुसता कागद बघून “बरंय” म्हणाले तर सांगा, “साहेब, हात लावून बघा.”

तोंडातला पांढरा चट्टा यातच येतो का?

पेशी त्याच कुळातल्या, आजार वेगळा. त्याचं कारण तंबाखू, गुटखा, मिसरी. तो दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि लवकर दाखवा, कारण आपल्याकडं त्याचं प्रमाण कातडीच्या कॅन्सरपेक्षा कितीतरी जास्त आहे. खालच्या ओठावरची न भरणारी चीर मात्र आम्हालाही दाखवली तरी चालेल.

मुलांना होईल का?

आईकडून मुलांकडं जाणारा हा आजार नाही. झेरोडर्मा पिग्मेंटोसमसारखे काही दुर्मिळ जन्मजात आजार सोडून. त्यात लहान मुलाच्या चेहऱ्यावर काळ्या ठिपक्यांचा सडा पडतो आणि उजेड सोसवत नाही. असं मूल असेल तर ताबडतोब दाखवा. मूल भाजलं आणि तीन आठवड्यांत भरलं नाही, तर ग्राफ्टिंगसाठी न्या. तीस वर्षांनंतरचा कॅन्सर टाळायची तीच वेळ असते.

सासूबाई दवाखान्यात यायलाच तयार नाहीत. “जुनंच हाय, त्याला काय होतंय” म्हणतात. काय करू?

भांडू नका. दर सोमवारी आंघोळीनंतर जखमेचा फोटो काढा, शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवून, दरवेळी त्याच बाजूनं, खिडकीच्या उजेडात. चार सोमवारांचे चार फोटो झाले की त्यांच्याच हातात फोन द्या आणि नाण्याकडं बघायला सांगा. तरी नाही म्हणाल्या तर ते चार फोटो घेऊन तुम्ही एकट्या या, किंवा गावातल्या आशाताईंना दाखवा. पेशंट आला नाही तरी फोटो बघून निदान एवढं सांगता येतं, की अजून एक महिना थांबायचं का नाही.